राखेचे वाण

केळीचा घड उतरवल्यावर मागे जे खोड उभे राहते, त्याचे तुम्ही काय करता?

खरे सांगा. सावद्याचे असा, यावलचे असा, रावेरकडचे असा, तुम्ही ते विळ्याने आडवे करता आणि ओढत नेऊन बांधावर टाकता. तिथे ते वाळते, कुजते, किंवा होळीला एखादा पोरगा त्याला काडी लावतो. वडिलांनी तेच केले, म्हणून तुम्हीही तेच करता. मी दोष द्यायला बसलेली नाही. पण एका हिवाळ्यात याच खोडांच्या राखेवर यावलच्या एका वसतिगृहातल्या मुलींची शाळा टिकायची की मोडायची हे ठरणार होते, आणि ती टिकवणारी बाई मी जवळून पाहिली आहे. त्या बाईंविषयी लिहायचे आहे.

आम्ही त्यांना अक्का म्हणत असू. पाळण्यातले नाव शाळेच्या हजेरीपटावर होते. ते तिथेच राहिले.

अक्का म्हटले की मला पहिल्यांदा त्यांची बोटे आठवतात. उजव्या हाताची तीन बोटे बाराही महिने पिवळी, आणि त्या पिवळ्यावर मधूनच लाल डाग. धुळ्यात आमच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. आम्ल की खार हे ओळखायचा विलायती लिटमस कागद त्यांना चालत नसे. टीपकागदाच्या पट्ट्या कापून हळदीच्या पाण्यात बुडवायच्या आणि खिडकीच्या गजांना दोरी बांधून वाळत घालायच्या. चुन्याच्या किंवा खाराच्या पाण्यात ती पट्टी घातली की कुंकवासारखी लाल व्हायची. वर लिंबाचा थेंब पडला की पुन्हा पिवळी. "तुमच्या कपाळावर रोज रसायनशास्त्र लावलेलं असतं," त्या म्हणायच्या, "आरशात बघता, पण वाचत नाही."

गल्लीतल्या बायांना त्या बोटांची मोठी मौज वाटे. "मास्तरीणबाईला रोज हळद लागते, नवरदेव काही दिसत नाही," असे त्या अक्कांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणत. अक्कांनी लग्न केलेले नव्हते. मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा तोंडावरच विचारले, तेव्हा अक्का म्हणाल्या, "स्थळं पुष्कळ आली. धीर कमी पडला."

"कोणाचा?"

"ते स्थळांना विचारावं लागेल."

त्यांचा एक प्रश्न होता. तो त्या कशालाही लावत. आधी काय संपेल? लग्नाच्या पंगतीत, परीक्षेच्या तयारीत, सभेत, स्वयंपाकघरात, तोच प्रश्न. चिडल्या की धुळ्याकडच्या घरच्या बोलीत यायच्या: "पहिले काय सरी जाई, ते सांग." माझी पिढी स्वातंत्र्याच्या चळवळीच्या पत्रकांवर वाढली. आमच्या घरी धान्याच्या कोठीत पत्रके लपवलेली असत, आणि मी अक्षरे त्यांच्यावरच जुळवली. त्यामुळे कशाचे किती आहे हे विचारणे मला बनियेगिरी वाटे. काय हवे आहे ते मोठ्याने सांगावे, बाकी आपोआप येईल, असा आमचा हिशेब. अक्कांच्या वर्गात तो पहिल्याच आठवड्यात बुडाला.

त्या दिवशी फळ्यावर त्यांनी लिहिले: कळण्याची भाकरी. वर्गात खसखस पिकली. मग त्या म्हणाल्या, चार भाग ज्वारी आणि एक भाग उडीद दळले की कळणा होतो. तुमच्या घरी ज्वारीचे पोते गळ्यापर्यंत भरलेले आहे आणि उडीद आहेत दोन ओंजळी. भाकरी किती होतील?

माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी सुखवस्तू घरातली. ती उठून म्हणाली, "अक्का, आमच्याकडे पोत्याला कमी नाही."

"पोतं विचारलंच नाही, बाई. बस."

फळ्यावरच्या 'उडीद' या शब्दाखाली त्यांनी खडूने जाड रेघ ओढली. "दोन ओंजळी उडदाला आठ ओंजळी ज्वारी लागेल. तेवढाच कळणा. पोत्यातली बाकीची ज्वारी पोत्यातच राहणार. तिची नुसती ज्वारीची भाकरी करा, पण तिला कळणा म्हणू नका. कढईत, काचेच्या नळीत, सगळीकडे हेच आहे. प्रत्येक पदार्थाला जोडीदार ठरलेल्या प्रमाणात लागतो. त्यातला जो आधी संपतो तो बाकीच्यांना थांबवतो. किती माल तयार होणार हे तो ठरवतो, पोतं नाही."

ती रेघ हा त्यांचा आयुष्यभराचा छंद. कोणत्याही गोष्टीत कमी पडणारी वस्तू दिसली की त्या बोटाने हवेत तिच्याखाली रेघ ओढायच्या. माणसे हसायची. मीही हसले आहे.

सोनगीरच्या फेरीची गोष्ट त्याच वर्षीची. धुळ्यातल्या तरुण मंडळींनी ठरवले की झेंडे घेऊन, गाणी म्हणत, आग्रा रोडने सोनगीरच्या किल्ल्यापर्यंत पायी जायचे आणि वर सभा करायची. दिवस उन्हाळ्याचे. बैठकीत झेंडे कोण शिवणार, गाणी कोण रचणार, अध्यक्ष कोण, यावर खूप वेळ गेला. अक्का कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "आधी काय संपेल?"

मंडळींतला एक जण, आवाजाचा मोठा, म्हणाला, "अक्का, उत्साह संपणार नाही एवढं सांगतो."

"तो संपणार नाही हे दिसतंच आहे. पाणी कोण घेणार?"

कोणीच घेणार नव्हते. अक्कांनी हवेत रेघ ओढली आणि पानाचा डबा मिटला. दुसऱ्या दिवशी त्या बैलगाडीने सोनगीरला गेल्या. तिथल्या तांबटांच्या आळीत हंडे-घागरींना तोटा नाही. आळीतला एक म्हातारा तांबट त्यांना म्हणाला, "हंडा बठ्ठा आठेच शेतस, अक्का. पानीनी चिंता करू नका. पोरेसले लई या." आणि फेरीच्या दिवशी रस्त्याच्या कडेला, विहीर आली की तांब्याचा हंडा आणि शेजारी एक माणूस, अशी ओळ लागली. झेंडे किल्ल्यावर पोचले. सभेत पाण्याचा उल्लेख कोणीही केला नाही. अक्का परतताना एवढेच म्हणाल्या, "पाणी पुरलं म्हणजे ते कोणाला आठवत नाही. हीच पुरल्याची खूण."

शाळेच्या चालकांना मात्र त्या फेरीत त्यांच्या मास्तरीणबाई होत्या हे चांगलेच आठवले. शिवाय त्यांच्या बैठकीतही अक्का तोच प्रश्न विचारायच्या, आणि चालकांना तो मानवत नसे. अक्कांनी भांडण केले नाही. हळदीच्या पट्ट्या, एक काचेची नळी आणि कपड्यांची वळकटी घेऊन त्या यावलला गेल्या. तिथे सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरच्या आणि केळीच्या मळ्यांत राबणाऱ्या मजुरांच्या मुलींसाठी एक लहानसे वसतिगृह निघाले होते. मुली तिथे राहत आणि गावच्या शाळेत जात. अक्का तिथल्या गृहमाता झाल्या.

मी त्यांना भेटायला गेले तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. वसतिगृहाच्या अंगणात मुली उन्हाला बसल्या होत्या आणि सगळ्या खाजवत होत्या. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कोपरांवर खरजेचे खवले. रेशमी नावाची पावरा आदिवासी मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले होते. ती गणितात सगळ्या शाळेच्या पुढे होती असे नंतर कळले.

"शाळेत आम्हाला दाराशी बसवतात," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

गावातल्या पालकांनी ओरड केली होती की ही खरूज आमच्या पोरांना लागेल. वसतिगृहाच्या मंडळाचे अध्यक्ष सावद्याचे आबा होते. त्यांचा केळीचा व्यापार आणि घरची तेलघाणी. माणूस वाईट नव्हता. उलट देणारा होता. पण त्यांनाही गावात राहायचे होते. त्यांनी अक्कांना सांगितले, "रथसप्तमीले मंडळाची बैठक हाये. तवलोक पोरींचे हात साफ दिसले तर ठीक. नाय तर मले वसतिगृह बंद करावं लागंल. पोरी घरी जातील, दुसरं काय."

घरी म्हणजे जंगलात लाकूडतोडीच्या कामाला, किंवा मळ्यात निंदणीला. रेशमीचे गणित तिथे काय कामाचे?

दवाखान्याचे डॉक्टर भले गृहस्थ. ते म्हणाले, "औषध आहे माझ्याकडे. गंधकाची बरणी भरलेली आहे."

"निम्मं औषध आहे," अक्का म्हणाल्या.

डॉक्टरांना ते पटले. नुसत्या गंधकाच्या मलमाने भागत नाही. आधी मऊ साबणाने खवले भिजवून, घासून काढावे लागतात. मग मलम आत पोचते. आणि साबण नव्हता. साबण तेल आणि खार मिळून होतो; त्यातला खार, म्हणजे कॉस्टिक सोडा, विलायतेहून यायचा तो लढाईमुळे बंद, आणि बाजारात वडी म्हणून जे मिळे त्यात माती अधिक. "तेल आहे, गंधक आहे, हात आहेत," अक्का म्हणाल्या. "खार नाही." आणि बोटाने हवेत रेघ.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन सावद्याच्या मळ्यांतून हिंडल्या. एका बांधावर वाळलेली खोडे कोणीतरी पेटवून दिली होती. अक्का खाली बसल्या, चिमूटभर राख ओल्या पट्टीवर टाकली. पट्टी अशी लाल झाली की मला सोनगीरचे झेंडे आठवले. अक्का त्या पट्टीकडे बघून एकदम हसल्या. "केळ जमिनीतून जेवढा खार ओढतं तेवढा घडात जात नाही ग. राहतो इथेच. आणि आपण तो बांधावर टाकतो. गेलेला नाही, कुठेतरी आहे."

हे त्यांचे दुसरे वाक्य. पहिल्याइतके लोकांना ठाऊक नाही, पण माझ्या मते तेच मोठे आहे.

संक्रांत जवळ आली होती. अक्कांनी ठरवले की वसतिगृहात हळदीकुंकू करायचे आणि येणाऱ्या बायांनी वाण म्हणून केळीच्या खोडाची राख आणायची. मी ते सांगत यावल-सावद्याच्या आळ्यांतून फिरले. विधवांनाही या म्हटले, तेव्हा आबांच्या घरच्या बायकांनी नाके मुरडली. अक्का त्यांना म्हणाल्या, "हळद माझी, कुंकू तुमचं. राखेला सवाष्ण लागत नाही."

हळदीकुंकवाच्या दुपारी वसतिगृहाचे अंगण भरले. संक्रांतीची सुगडे राखेने भरून, वर रुमाल बांधून, बाया आल्या. एकाहून एक स्वच्छ राख. पांढरी, मऊ, रव्यासारखी. ओट्यावर ओळ लागली. आबा आले, डॉक्टर आले, आणि आबांच्या गाड्यावरून सरकीच्या तेलाचे सहा डबे आले. अंगणात गुळाची लोखंडी कढई मांडलेली होती. अक्कांनी पहिल्या सुगडातली राख पाण्यात कालवली, निवळू दिली आणि त्यात पट्टी बुडवली.

पट्टी पिवळी.

दुसरे सुगड. पिवळी. तिसरे, चौथे. पिवळी, पिवळी.

अक्कांनी राख जिभेला लावली. मातीच. मुली ओट्याच्या कडेला बसून बघत होत्या. त्यांना एवढे कळत होते की लाल व्हायला हवे होते आणि झाले नाही. आबांनी डॉक्टरांकडे पाहिले, आणि डॉक्टरांनी छपराकडे.

"ही राख केळीचीच ना?" अक्कांनी विचारले.

सावद्याच्या जनामाय म्हणून एक म्हाताऱ्या होत्या, लहानपणीच विधवा झालेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणी हळदीकुंकवाला बोलावले होते. त्या दुखावून म्हणाल्या, "केयीचीच. तुमाले काय वाटलं अक्का, आमी वाणाले घान राख आनू? तीन पान्यातून धुतली. उन्हात वायवली. मंग भरली."

"धुतली?"

"धुतली नाय तं? वाण हाये. लोकाले द्यायचे गहू धुवून देतो आमी, राख तशीच देऊ काय? समद्यांनीच धुतली. इचारा."

सगळ्यांनीच धुतली होती. यात एकीचाही आळस नव्हता, उलट मेहनत होती. आपल्याकडे दुसऱ्याला द्यायची वस्तू निवडून, पाखडून, धुऊनच दिली जाते. त्याच सोज्वळपणाने राखेतला सगळा खार पाण्याबरोबर निघून गेला होता आणि सुगडांत उरली होती सुंदर, निरुपयोगी माती.

आबा उठले. "अक्का, तुमी परयत्न केला. आता..."

अक्का त्यांचे ऐकत नव्हत्या. त्या जनामायच्या समोर उकिडव्या बसल्या होत्या. "माय, धुतलेलं पाणी कुठे टाकलं?"

माझ्या कानात तेव्हा दुसरे वाक्य वाजले. गेलेले नाही, कुठेतरी आहे.

एकीने ते तुळशीला घातले होते (तुळस वाळली, हे तिने नंतर कबूल केले). दोघीतिघींनी मोरीत. जनामाय म्हणाल्या, "टाकायचं कायले? गोधड्या धुवायच्या व्हत्या. आमच्या गल्लीतल्या बायांले म्हनलं, पानी फेकू नका, माह्या रांजनात वता. त्या पान्यानं गोधडी लई साफ निंघते."

"सगळं वापरलं?"

"एक गोधडी धुतली. रांजन भरेल हाये."

अक्कांनी गाडी जुंपायला सांगितली. जनामाय गाडीत अक्कांच्या शेजारी बसल्या, कपाळावर कुंकू नाही, पण हातात हळदीची वाटी घट्ट धरलेली. ती ठेवायची त्यांना आठवणच राहिली नाही. जाता जाता त्या म्हणाल्या, "अक्का, माह्या रांजनाले एवढा मान कधी भेटला नाय."

रांजणातल्या पाण्यात पट्टी गर्द लाल झाली.

पुढचे सगळे दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर झाले. पाणी कढईत आटवले. त्यात विरवलेला चुना घातला. पांढरा गाळ तळाशी बसला आणि वर राहिले तिखट, झणझणीत खाराचे पाणी. अक्कांनी त्यातले मापभर घेतले, हळदीने लाल केले आणि काचेच्या नळीतून थेंब थेंब आम्ल सोडत बसल्या. लाल जाऊन पिवळे झाले तिथे थांबल्या. जेवढे आम्ल लागले त्यावरून खार किती, आणि खार किती त्यावरून तेल किती, हे त्यांनी ओट्यावर कोळशाने मांडले. रेशमी बाजूला उभी राहून तोंडातल्या तोंडात गुणाकार करत होती, आणि तिचे उत्तर अक्कांच्या आधी आले.

"पाऊण डबा," रेशमी म्हणाली.

"बरोबर. खाराला पुरतं तेल पाऊण डबा. मी त्याच्यावर थोडं घालणार."

आबांचा चेहरा उतरला. सहा डबे त्यांनी भर चौकातून मिरवत आणले होते. "पाऊन डबा? मी डबे काय मोजून आनले का? समदं वता, अक्का. साबन जास्त हुईल."

"साबण जास्त होणार नाही, आबा. तेलकट पाणी जास्त होईल. खार जेवढा तेवढाच साबण."

"म्हंजे माह्यं तेल कमी पडलं?"

"तुमचं तेल जास्त झालं. राग मानू नका. पाच डबे परत न्या, आणि त्यांच्याऐवजी तुमच्या मळ्यातली न धुतलेली राख पाठवा. मग ते डबे मी पुन्हा मागीन."

आबांनी डब्यांकडे पाहिले. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "राख मागनारी बाई पयल्यांदाच पाहिली."

मी विचारले, पुरते तेल पाऊण डबा, तर त्याच्यावर थोडे कशाला? तेव्हा कढई ढवळता ढवळता अक्कांनी जे सांगितले ते मला आजही पुरते. त्या म्हणाल्या, "दोन्ही अगदी एका क्षणी संपतील असं कागदावरच होतं. कढईत काहीतरी उरतंच. खार उरला तर पोरींची कातडी सोलून निघेल. तेल उरलं तर हात जरा मऊ होतील. मग कोणी आधी संपायचं हे नशिबावर का सोडू? इथे खारानेच आधी संपलं पाहिजे. मी ते ठरवते."

दुपारपर्यंत कढईत तपकिरी, मधासारखा दाट साबण झाला. अक्कांनी तो आधी जिभेला लावला, मग स्वतःच्या कोपराला चोळून बसून राहिल्या. कातडी लाल झाली नाही. तेव्हा कुठे रेशमीला हाक मारली.

साबण डब्यांत भरल्यावर हिशेब केला तर कागदावर निघाला होता त्याहून बराच कमी भरला. डॉक्टर म्हणाले, असे व्हायचेच. अक्कांना ते "व्हायचेच" आवडले नाही. कढईच्या काठाला किती चिकटला, चाटूला किती, चुन्याच्या गाळात खार किती अडकून राहिला, हे त्या शोधत बसल्या. गाळ पुन्हा धुतला. त्या धुवणात पट्टी बुडवली, ती लाल झाली. आणखी एक लहान डबा साबण निघाला. "कागदावरचं सगळं हातात येत नाही," त्या म्हणाल्या, "पण आलं नाही ते कुठे गेलं, हे विचारल्याशिवाय सोडायचं नाही."

मग घासणे, गंधक, कपडे उकळणे, पुन्हा घासणे. जनामाय रोज गाडीने येत आणि मुलींच्या गोधड्या धूत. आबांच्या मळ्यातून न धुतलेल्या राखेचे पोते आले, आणि त्यामागून, न मागता, एक डबा तेल.

रथसप्तमीच्या बैठकीला मंडळ आले तेव्हा मुली अंगणात रांगेने उभ्या होत्या. कोणी सांगण्याआधी रेशमीने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर आणि मग खाली. डाग होते. खरूज नव्हती. आबांनी तिचे हात स्वतःच्या हातात घेऊन पाहिले. सगळ्यांच्या देखत घेतले, हे महत्त्वाचे. मग मंडळींकडे वळून ते म्हणाले, "दाराशी बसायचं काम नाय आता. वर्गात बसतील." बैठक तिथेच संपली. वसतिगृह राहिले.

माझ्या आनंदाला पारावार नव्हता. अक्का मात्र रांगेकडे बघत होत्या. "दोघी कमी आहेत," त्या म्हणाल्या.

खरेच होते. खरूज वाढली तेव्हा घाबरून दोघींचे बाप त्यांना पाड्यावर घेऊन गेले होते. गडबडीत आम्ही सगळे ते विसरलो होतो. मी म्हटले, "अक्का, बाकीच्या सगळ्या राहिल्या ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. चुन्याच्या गाळाकडे पाहिले होते तसे.

त्यानंतर दोनच दिवसांनी मी त्यांच्याबरोबर सावद्याहून यावलला जाणाऱ्या बसमध्ये होते. लढाईत पेट्रोल नाही, म्हणून बसच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली. अक्कांनी चढता चढता ड्रायव्हरला विचारले, "भाऊ, आधी काय संपेल, कोळसा की पाणी?" तो म्हणाला, "अक्का, माहा जीव." सगळी बस हसली. अक्कांच्या मांडीवर मडके होते, तोंडाला पांढरे फडके बांधलेले. सावद्याच्या कोणी बाईने दिलेली राख. वरच्या टपावर ठेवायला त्या तयार नव्हत्या. आभाळ भरून आले होते. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मडक्याकडे पाहिले, पागोटे सारखे केले, सरकून जागा करून दिली आणि हात जोडले.

"कोनाच्या अस्थी, माय?" त्याने हलकेच विचारले.

"केळीच्या, नाना."

नानांनी मान हलवली. मग म्हणाले, "चांगलं पीक व्हतं," आणि पुन्हा हात जोडले.

यावलच्या अलीकडे सातपुड्याकडे जाणारा फाटा फुटतो. तिथे अक्कांनी बस थांबवली. "मी इथून वर जाते. पाडा लांब आहे, पण उजेड आहे अजून." पिशवीत साबणाचा एक डबा, गंधकाचे मलम आणि हळदीच्या पट्ट्या. मडके त्यांनी माझ्या मांडीवर ठेवले. "हे यावलला पोचव. भिजू देऊ नकोस. आणि कोणी धुवायला मागितलं तर देऊ नकोस."

त्या खाली उतरल्या. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. डोंगराकडे चाललेली, पिशवी एका खांद्यावर, चालता चालता उजवा हात किंचित उचललेला. बोटाने त्यांनी हवेत काहीतरी ओढले. रेघच असणार. कशाखाली ते मला दिसले नाही. बस सुटली, आणि नानांनी मला मडक्यासकट नीट बसता यावे म्हणून आणखी थोडे सरकून जागा दिली.

अक्कांना मी पाहिले ते शेवटचे. मी धुळ्याला परतले, पुढे धरपकडीत तुरुंगात गेले, बाहेर आले. निरोप येतात. त्या दोघींपैकी एक परत आली. दुसरीसाठी अक्का अजून दर हिवाळ्यात वर जातात. रेशमी आता लहान मुलींना गणित शिकवते. मुली पूर्वीपेक्षा जास्त आहेत, आणि ताज्या निरोपात अक्कांनी एकच गोष्ट कळवली आहे: तेल आहे, गंधक आहे, राख संपली.

स्वराज्य दाराशी आले आहे. त्याच्या स्वागताची भाषणे मी लिहिते आहे, आणि भाषणांची पोती आपल्याकडे गळ्यापर्यंत भरलेली आहेत. त्यांच्याखाली रेघ ओढायची गरज नाही.

म्हणून एवढे करा. या हंगामात घड उतरला की खोड बांधावर कुजू देऊ नका. उभे चिरून वाळवा, कोरड्या जागी जाळा, राख निवल्यावर मडक्यात भरा आणि तोंडाला फडके बांधा. वर चिमूटभर ओली हळद टाकून पाहा. हळद लाल झाली तर ती राख यावलच्या बसवर द्या, वसतिगृहाच्या अक्कांसाठी म्हणून सांगा. कंडक्टर नेतील. आणि कितीही वाटले, तरी धुऊ नका.